सोनचाफ्याखालची माती

आई मातीवर कायम चिडलेली असायची. अंगणात माती असावी, झाडांच्या मुळाशी असावी, पण उंबऱ्याच्या आत तिचा कण दिसला की आमची धडगत नसे. "पाय धुऊन आत या!" हे मी आयुष्यात इतक्या वेळा ऐकलं आहे की आजही कुणाच्याही दारात उभी राहिले की माझी नजर आधी नळ शोधते. अण्णा, म्हणजे माझे वडील, अंबरनाथच्या कारखान्यातून दमून यायचे, पण त्यांनाही सूट नव्हती. पुढे बदलापूरला हेंद्रेपाड्यात आम्ही हे छोटं रो-हाऊस घेतलं आणि एका पावसाळ्यात नदी घरात आली, तेव्हापासून तर तिचं मातीशी उघड वैर झालं. पाणी ओसरल्यावर फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यातून तिने चमच्याने गाळ काढला. काढताना ती नदीला जे काही बोलली ते इथे लिहिण्यासारखं नाही.

अशा बाईची रक्षा आम्ही मातीत घातली आणि माझा जीव टांगणीला लागला. तशी मी जन्माचीच काळजीखोर. गॅस बंद केला की नाही ते बघायला स्टेशनवरून रिक्षा वळवून परत येणारी. पण गॅसची काळजी घरी पोचल्यावर संपते. झाडाची काळजी रोज सकाळी नवीन पानासारखी फुटते, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

आमच्यात हल्ली बरीच घरं रक्षा नदीत सोडत नाहीत, खड्ड्यात घालून वर झाड लावतात. अण्णांना ते आधीपासून पटलेलं होतं. "नदीला आधीच काय कमी मिळतंय?" असं ते म्हणायचे. प्रश्न होता झाड कुठलं लावायचं. जमलेल्या नातेवाइकांचं म्हणणं पडलं की पिंपळ लावा, बोधिवृक्ष आहे. अण्णा तेव्हा दोन दिवस एक शब्द बोललेले नव्हते. ते एकदम म्हणाले, "ती काय बुद्ध होती का? तिला सोनचाफा आवडायचा." विषय संपला. दर पौर्णिमेला आई बुद्धमूर्तीपुढे स्टीलच्या वाटीत पाणी घालून त्यात सोनचाफ्याची दोन फुलं सोडायची आणि संध्याकाळपर्यंत येता-जाता वास घ्यायची. फुलं विकत आणावी लागत. आपलं स्वतःचं झाड असावं असं ती अनेकदा म्हणाली होती आणि आम्ही अनेकदा "लावू गं" म्हणालो होतो.

अंगण म्हणजे काही फार नाही. कंपाउंडच्या भिंतीला लागून कढीपत्ता, बाथरूमच्या पाण्यावर अळू, कोपऱ्यात गवती चहा, आणि मध्ये मोकळी जागा. भावाने कुदळ मारली आणि पहिल्याच घावाला ठण्ण आवाज आला. विटांचे तुकडे, स्लॅबची ढेकळं, फुटक्या फरशा, सिमेंटच्या रिकाम्या गोण्या. वरची वीतभर माती सोडली तर खाली सगळा बिल्डरचा भराव. भाऊ ते राबिट काढत गेला आणि अण्णा खुर्चीवर बसून बघत राहिले. गुडघाभर खोल गेल्यावर मुरूम लागला तेव्हा भाऊ थांबला आणि म्हणाला, "झालं. आता चांगली माती भरू."

चांगली माती म्हणजे कुठली, यावर आमच्या घराने जे ठरवलं ते दुसऱ्या कुठल्या घराने ठरवलं असतं असं मला वाटत नाही. भावाची कल्पना अशी की आई जिथे जिथे राहिली तिथली माती आणायची. मला ती तेव्हा फार सुंदर वाटली, अण्णांच्याही डोळ्यांत पाणी आलं. त्यामुळे भाऊ उल्हासनगरला गेला आणि ज्या बराकीमागे आम्ही भाड्याने राहायचो तिथली पिशवीभर माती घेऊन आला. मावशीने आईच्या माहेरची, घाटावरची काळी माती पाठवली. मी अंबरनाथला नाल्याकाठच्या आमच्या जुन्या खोलीकडे गेले. तिथे आता इमारत उभी आहे. पार्किंगमध्ये एका मोटरसायकलखाली उकिडवी बसून मी चमच्याने माती खरवडत होते तेव्हा वॉचमन आला.

"मॅडम, काही पडलं का?"

"हो," मी म्हणाले, "कानातलं."

बिचारा माझ्याबरोबर कानातलं शोधायला बसला. त्याच्या नजरेआड माती पर्समध्ये टाकायला मला घाम फुटला.

उरलेला खड्डा भरायला वांगणीच्या रस्त्यावरच्या नर्सरीतून लाल माती आणि सोनचाफ्याचं कलम आणलं. नर्सरीवाले शेठ उल्हासनगरचे, सिंधी, मराठी आणि हिंदी एकाच घासात खाणारे. ते म्हणाले, "खड्डा खुला रख्खा ना? थोडे दिवस ऊन खाऊ द्या त्याला. जल्दी नको." पण आईच्या पुण्यानुमोदनाचा, म्हणजे स्मरण-वंदनेचा दिवस तोंडावर आला होता, घर माणसांनी भरलं होतं. खड्ड्याला ऊन खायला वेळ कुठला?

त्या दिवशी वंदना झाली, भंतेजींनी सांगितलं तसं आम्ही सगळ्यांनी म्हटलं, आणि भावाने मडकं आणलं. मला वाटलं होतं मूठभर, फार तर ओंजळभर रक्षा घालायची. तसं मी हळूच म्हणालेही. भाऊ माझ्याकडे असं बघायला लागला, जणू मी काही भलतंच बोलले. "आईला अर्धं-अर्धं करायचं? थोडी इथे, थोडी तिथे?" कोण बोलणार पुढे? सगळं मडकं खड्ड्यात रिकामं झालं. त्यावर बराकीची माती, नाल्याची माती, माहेरची माती, त्यावर लाल माती आणि त्यात कलम. प्रत्येकाने एकेक मूठ टाकली. अण्णांनी शेवटची टाकली आणि हात झटकला नाही. तशीच मूठ बंद ठेवून ते आत गेले. जाताना मात्र नळाशी थांबून पाय धुतले.

सुरुवातीला झाड बरं होतं. अण्णा सकाळी खुर्ची घेऊन त्याच्यासमोर बसत, पेपर तिथेच वाचत, एखादी बातमी मोठ्याने वाचून दाखवत. मला वाटायचं मला वाचून दाखवताहेत. मग लक्षात आलं की मी स्वयंपाकघरात असते आणि तिथे काहीच ऐकू येत नाही. हे लक्षात आल्यावर मला बरंही वाटलं आणि भीतीही वाटली. बरं अशासाठी की त्यांना बोलायला कुणीतरी मिळालं. भीती अशासाठी की झाड ही काही फार खात्रीची गोष्ट नाही.

मग माझे प्रश्न सुरू झाले. पुन्हा पूर आला तर? रक्षा वाहून नदीतच जाणार असेल तर हे सगळं कशासाठी केलं? शेजारच्यांची मांजर खड्ड्याशी उकरते ते चालेल का? वाळवी लागली तर? ऑफिसात टेबलाशी बसलेली असताना मला अचानक वाटायचं की आज ऊन जास्त आहे, आणि मी अण्णांना फोन करून "पाणी घातलं का?" विचारायचे. ते म्हणायचे, "घातलं." तासाभराने मी परत विचारायचे. एकदा ते वैतागून म्हणाले, "अगं, बुडवून मारू का तिला?"

तिला. झाडाला ते 'तिला' म्हणायला लागले होते.

उन्हाळा चढला तसं पान पिवळं पडायला लागलं. जुनं पान पिवळं पडून गळतं ते मला माहीत आहे. हे तसं नव्हतं. शेंड्याची कोवळी पानंच पिवळी यायची, शिरा तेवढ्या हिरव्या, मधलं सगळं फिक्कट. मी मोबाइलवर फोटो काढत होते आणि कालच्या फोटोशी ताडून बघत होते. रोज थोडं जास्त पिवळं. अण्णांना मी म्हणाले, उन्हाने होतंय. त्यांनी जुनी साडी काढून झाडावर सावली बांधली. आईचीच साडी, अबोली रंगाची. पानं पिवळीच राहिली.

अण्णांचं जेवण कमी झालं. आधी दोन भाकऱ्या, मग दीड, मग एकच चघळत बसायचे. एके दिवशी संध्याकाळी मी कपडे काढायला अंगणात गेले तर ते खुर्चीत झाडाकडे पाठ करून बसले होते.

"काय झालं अण्णा?"

"तिला ही जागा पसंत नाही."

मी हसण्यावारी नेणार होते, पण त्यांचा चेहरा बघून थांबले. हा माणूस आयुष्यभर दारावरच्या लिंबू-मिरच्यांवरून शेजाऱ्यांशी वाद घालत आला. कारखान्यात ते तपासणी खात्यात होते, मोजून बघितल्याशिवाय कुठलीही गोष्ट पास करायची नाही हा त्यांचा खाक्या. मांजर आडवी गेली की मुद्दाम तिच्यामागून जाणारा माणूस. आणि आज तो पिवळ्या पानाचा अर्थ लावत होता.

"आयुष्यभर भाड्याच्या खोल्यांत ठेवली," ते म्हणाले, "आणि शेवटी नेऊन घातली बिल्डरच्या भरावात. कशी पसंत पडेल?"

मी दोरीवरचे कपडे काढून घेतले. आत येऊन ओट्याला धरून उभी राहिले. झाड गेलं तर अण्णा त्याच्यामागे जातील, हे मला त्या क्षणी स्पष्ट दिसलं. आईचं जाणं मी कसंबसं निभावलं होतं. लगेच दुसरं निभावायची माझी ताकद नव्हती, आणि हे सांगायला घरात माणूसही नव्हतं. माझं लग्न झालेलं नाही, घरात आम्ही दोघंच. भाऊ कल्याणला, त्याच्या संसारात. त्याला फोन केला तर म्हणाला, "टेन्शन घेऊ नको गं, खत टाक थोडं." खत टाक म्हणे.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसला दांडी मारून पिवळं पान वहीच्या पुठ्ठ्यात घालून नर्सरीत गेले. शेठनी पान उलटसुलट केलं.

"मॅडम, सच बोलायचं हां. खड्ड्यात काय टाकलं? सिमेंट? चुना?"

"खाली भराव होता. पण आम्ही सगळा काढला."

"भराव निकाला. फिर क्या डाला? राख?"

मी म्हणाले, "हो."

"चुलीची?"

मी नाही म्हणून मान हलवली. शेठ थांबले. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग पानाकडे, मग ते पान टेबलावर एकदम हळू ठेवलं.

"किती होती?" त्यांनी विचारलं, आता आवाज वेगळा होता.

"सगळी."

त्यांनी मला खुर्ची दिली, पाणी मागवलं. मग समजावून सांगितलं. राख थोडी असली तर झाडाला चालते, पण मुळाशी एवढी राख म्हणजे चुन्यासारखंच. सोनचाफ्याला जरा आंबूस माती लागते. राखेच्या मातीत लोह असलं तरी त्याला ते घेता येत नाही, म्हणून शेंडा पिवळा. मुळं अजून फार पसरली नसतील. पावसाच्या तोंडावर कलम मातीच्या गोळ्यासकट काढा, खड्ड्यातली माती बदला. "घरी व्हिनेगर आहे? मातीवर टाका. फेस आला तर समजा मी बोलतो ते बरोबर." निघताना त्यांनी लाल मातीची, शेणखताची आणि कुजलेल्या पाल्याच्या खताची गोणी टेम्पोने पाठवायचं कबूल केलं आणि दारापर्यंत सोडायला आले.

माती बदला. परतीच्या रिक्षात हे दोन शब्द माझ्या डोक्यात घण मारत होते. बदलायची म्हणजे काढायची, आणि काढून टाकायची कुठे? कचऱ्याच्या गाडीत? आणि अण्णांना सांगायचं काय? तुमची बायको झाडाला मारतेय, म्हणून तिला उपसून काढायची आहे?

अण्णा रविवारी सकाळी विहारात वंदनेला जातात. तेवढ्या वेळात गुपचूप उरकावं, असं माझ्या मनात येऊन गेलं. पण नंतर त्या झाडाशी बसून ते पेपर वाचणार, आणि खाली कुणी नाही हे फक्त मला माहीत. तो विचार मला सहन होईना. शिवाय अण्णांना फसवणं सोपं नाही.

तेव्हा पावसाच्या तोंडावरच्या एका रविवारी ते परत आल्यावर मी त्यांच्या पुढ्यात दोन वाट्या ठेवल्या. एकीत नर्सरीची लाल माती, दुसरीत खड्ड्यातली. तपासणी खात्यातल्या माणसाला तोंडी सांगून उपयोग नसतो. मी पहिल्या वाटीत व्हिनेगर ओतलं. काही झालं नाही. दुसऱ्या वाटीत ओतलं आणि बारीक आवाज करत फेस वर आला.

अण्णांनी चष्मा कपाळावर चढवून वाटी डोळ्यांजवळ नेली. फेस बसेपर्यंत बघत राहिले. "कशाने?"

"राखेने."

"राखेने," ते म्हणाले. आणि मग, "म्हणजे पसंत-नापसंत असं काही नाही."

"नाही अण्णा. माती बिघडली, एवढंच."

त्यांच्या खांद्यांवरून ओझं उतरलेलं मला दिसलं. पण तेवढ्यात त्यांच्या डोक्यात पुढची गोष्ट आली, मी घाबरत होते तीच. त्यांनी वाटी खाली ठेवली. "म्हणजे तिच्याने मरतंय झाड?"

मी खूप तयारी केली होती, पण ऐन वेळी तयारीतलं काही आठवलं नाही. "तिच्याने नाही," मी म्हणाले, आणि मला रडू आलं. "आपण सगळं एकाच जागी कोंबलं ना अण्णा."

ते समोरच्या वाटीत बोट घालून माती चाळवत राहिले. मग म्हणाले, "कोंबलंच. आयुष्यभर एकाच खोलीत कोंबली होती. चौघं माणसं, वर माझी सायकल." मग त्यांनी दारातून बाहेर बघितलं, कढीपत्त्याकडे, अळूकडे, कोपऱ्यातल्या गवती चहाकडे. "पसरून टाकू. मोकळं अंगण पाहिजे होतं तिला. सगळं अंगण घेऊ दे आता."

कचऱ्याच्या गाडीचा विचार मी इतके दिवस उराशी घेऊन फिरत होते, आणि उत्तर हे एवढं होतं.

ऊन उतरल्यावर आम्ही सुरुवात केली. कलम मातीच्या गोळ्यासकट काढून ओल्या गोणपाटात गुंडाळलं आणि बाथरूमच्या भिंतीच्या सावलीत ठेवलं. अण्णांनी मला खड्ड्याला हात लावू दिला नाही. गुडघे दुखत होते तरी स्वतः बसले आणि घमेलं भरत राहिले. राखाडी माती पाल्याच्या खतात कालवायची आणि मुठीने पसरायची, पातळ, कुठे ढीग होऊ द्यायचा नाही. कढीपत्त्याला एक मूठ. "ह्याच्यावर फार जीव होता तिचा." अळूला एक. गवती चहाला. भिंतीच्या कडेने सगळीकडे. बराकीची, नाल्याची, माहेरची माती आता वेगळी ओळखू येत नव्हती, सगळी एक झाली होती. मी मागून झारीने पाणी शिंपडत होते आणि मनात म्हणत होते, कढीपत्ता पिवळा पडला तर? अळू करपलं तर? पण ते मोठ्याने बोलायचं नाही एवढं मी त्या संध्याकाळी पाळलं.

मग तोच खड्डा नव्याने भरायचा. या वेळी आठवणींची माती नव्हती. तळाला मुरूम, त्यावर लाल माती, शेणखत आणि पाल्याचं खत एकत्र केलेलं. अण्णांनी ओली मूठ वळून बघितली, गोळा झाला, बोटाने टोचला तर सुटला. खड्ड्यात बादलीभर पाणी ओतून ते जिरेपर्यंत थांबले, तेव्हा कुठे त्यांनी माती पास केली. कलम लावून झालं तेव्हा संधिप्रकाश होता. अण्णांचे पाय घोट्यापर्यंत राखाडी चिखलाने माखले होते.

झाड जगलं, हे सांगून टाकते. शेंड्याला नवं पान यायला वेळ लागला, तोवर माझी झोप उडालेलीच होती, पण ते आलं आणि हिरवं आलं. कढीपत्त्यालाही काही झालं नाही. अण्णा आता झाडासमोर खुर्ची टाकून बसत नाहीत, अंगणभर फिरत पेपर वाचतात. फूल अजून आलेलं नाही आणि फूल येईल का याची काळजी मी रीतसर करते आहे. पण मला सारखी आठवते ती त्याच संध्याकाळची गोष्ट.

मी हातपाय धुऊन आत आले होते, फरशी पुसून घेतली होती. मागून अण्णांची पावलं वाजली आणि मी वळूनही न बघता म्हणाले, "पाय धुऊन आत या!" शब्द माझ्या तोंडून बाहेर पडले, पण आवाज हुबेहूब आईचा होता. मी दचकले. मागे वळले तर अण्णा उंबऱ्यापाशी उभे होते. नळ हाताच्या अंतरावर होता. ते आपल्या पायांकडे बघत होते, त्या राखाडी चिखलाकडे.

"आज नको," ते म्हणाले. "इतके दिवस बाहेरच आहे ती."

आणि तशाच पायांनी ते उंबरा ओलांडून आत आले. पुसलेल्या फरशीवरून, सोफ्याच्या बाजूने, स्वयंपाकघरात तिच्या ओट्यापर्यंत गेले, आणि तिथे थोडा वेळ उभे राहिले. दारापासून ओट्यापर्यंत पावलं उमटली होती.

मी हातातलं फडकं परत बादलीवर टाकलं.